व्याह्यांचा फेटा

शिरसवाडी आणि कोलखेड या दोन गावांत अंतर दीड कोसाचं. मधे एक नाला, तोही आठ महिने कोरडा. माणूस विडी पेटवून निघाला तर तिसरी विडी कोलखेडच्या पारावर संपते. या दीड कोसावरून एक वाक्य आणायला मला काय काय करावं लागलं, ते सांगतो. मी रामराव, शिरसवाडीच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी. गावात अक्कल फक्त मला आहे, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

सदुसष्ट सालची गोष्ट. हायब्रीड ज्वारी नवीनच आली होती. तिचं बियाणं घरच्या कणसातून धरता येत नाही, दरवर्षी मुद्दाम तयार करावं लागतं. त्यासाठी वावरात एका जातीच्या चार ओळी आणि दुसऱ्या जातीच्या दोन, अशा पट्ट्या पेरायच्या. चार ओळींची ती मादी, दोन ओळींचा तो नर. दोन्ही एका वेळी फुलोऱ्यावर आले तर नराचा पराग मादीवर पडतो आणि दाणा भरतो. वेळ चुकली की मादीची कणसं पोचट. हे काम सरकारनं गावोगावच्या सोसायट्यांकडे दिलं, कारण सोसायट्या एकमेकींना मदत करतात असं सरकारला कुणीतरी सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं त्याला आमच्या भागात मुलगी द्यायची वेळ आली नसावी.

शिरसवाडीत या कामासाठी वावर निवडलं ते अन्नपूर्णाबाईंचं. नाल्याकाठचे तीन एकर, आजूबाजूला दुसऱ्या कुणाची ज्वारी नाही, म्हणून भेसळीची भीती नाही. बाई विधवा, मूलबाळ नाही, पण वाही, म्हणजे वावर कसणं-पेरणं, स्वतः करायच्या. मीच त्यांच्या ओट्यावर तीन संध्याकाळी बसून त्यांना तयार केलं. पहिल्या वर्षी, सहासष्ट साली, पत्रकात छापलं होतं त्याप्रमाणे नर आणि मादी एकाच दिवशी पेरले. दिवाळीत कणसं हातात घेतली तर नुसता भुसा. पत्रक छापणाऱ्यानं आमची जमीन पाहिली नव्हती, आणि पाहायचं कारणही त्याला वाटलं नव्हतं.

बाईंचे धाकटे दीर शेषराव याच दिवसाची वाट पाहत होते. भाऊ गेल्यापासून ते वावर त्यांच्या डोळ्यात सलत होतं. त्यांनी चार माणसं जमवली आणि सगळ्यांच्या तोंडून ठरवून घेतलं की औंदा एक साल आणखी बाईंना द्यायचं. औंदाही बियाण्याचा प्लॉट बुडाला तर वावर शेषराव वाहणार, आणि बाई त्यांच्या घरी दोन वेळ जेवणार. बाईंनी मान हलवली. बैठक उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या चुलीवरची भाकर मले गोड लागनार नाई. पाहा काई."

पाहण्यासारखं एकच होतं. कोलखेडच्या सोसायटीनं हाच प्लॉट आमच्या आधी एक वर्ष घेतला होता. पहिल्या वर्षी त्यांचाही बुडाला. दुसऱ्या वर्षी मात्र कणसं अशी भरली की त्यांच्या चेअरमनला प्रशस्तिपत्र मिळालं. जमीन तीच, पाणी तेच, आकाशही तेच. म्हणजे त्यांना काहीतरी कळलं होतं. आमचे विस्तार अधिकारी मला म्हणाले, "मग विचारा की त्यांना! सहकार म्हणजे दुसरं काय?" अधिकारी साताऱ्याकडचे होते, त्यांना मी काय समजावणार.

आता ते सहकाराचं आतलं सांगतो. आमचे चेअरमन भगवंतराव, कोलखेडचे चेअरमन रंगराव. चार वर्षांपूर्वी भगवंतरावांनी आपली मुलगी शालू रंगरावांच्या मुलाला दिली. मांडवात मानाचे फेटे बांधायची वेळ आली, तेव्हा भगवंतरावांच्या मेव्हण्याच्या डोक्यावर जरीकाठी फेटा चढला आणि व्याही रंगरावांच्या डोक्यावर साधा सुती. भगवंतराव म्हणतात गठ्ठ्यात अदलाबदल झाली. रंगराव म्हणतात मुद्दाम केलं. त्यांनी तो फेटा सोडून मांडवाच्या मेढीला टांगला आणि बोडक्यानं सून घेऊन गेले. तेव्हापासून शालूला माहेर बंद. दोन घरं बोलत नाहीत म्हणून दोन सोसायट्या बोलत नाहीत. त्यांच्या पोत्यांना उंदीर लागला तर आम्हाला आनंद, आमच्या तिजोरीची किल्ली हरवली तर त्यांच्या पारावर चहा. कायद्याच्या पुस्तकात मात्र या दोन स्वतंत्र संस्था आहेत आणि दोघींना वेगवेगळे शिक्के आहेत.

मी आधी कागदाचा रस्ता धरला. 'बीजोत्पादनातील आपला अनुभव कळवावा, ही नम्र विनंती.' महिन्यानं उत्तर आलं: 'आमच्या संस्थेचे कामकाज समाधानकारक आहे.' खाली रंगरावांची सही, एवढी मोठी की शिक्क्याला जागा उरली नव्हती.

मग मोताळ्याच्या शाळेत सोसायट्यांचा मेळावा भरला, अनुभवांची देवाणघेवाण करण्यासाठी. फळ्यावर रंगीत खडूनं तसं लिहिलंच होतं. सतरा गावांचे चेअरमन सतरंजीवर बसले, पुढे सोयरे, मागे बिनसोयरे. एकेकानं उठून वाचून दाखवलं की आपल्याकडे सगळं उत्तम आहे. मागच्या साली ज्यांचं बियाणं गोदामात सडलं त्यांच्याकडेही उत्तम होतं. भगवंतरावांनी मी लिहून दिलेला कागद वाचला, त्यात आमच्या पोचट कणसांचं नाव नव्हतं. चेअरमनच्या तोंडून गावाची फजिती वदवायची माझी हिंमत नव्हती. रंगराव उठले, प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीसह वर धरलं, आणि म्हणाले, "मेहनत केली. बस." टाळ्या पडल्या. पोहे झाले. देवाणघेवाण झाली ती पानसुपारीची.

पोहे खाताना मी रंगरावांना गाठलं. म्हटलं, "रंगराव, एका बाईचं वावर जाऊन राह्यलं. तुमी काय केलं ते सांगा, तुमचं काय जाते?"

"माह्यं काईच जात नाई," ते म्हणाले. "पन सेक्रेटरी, तुमी काऊन इचारता? तुमच्या चेअरमनच्या तोंडाले कुलूप हाय का? व्याही हायेत माहे. फेटा घेऊन या म्हना. जरीचा. मंग इचारा म्हना, सांगतो सारं."

मी ते निरोपासारखं भगवंतरावांच्या कानावर घातलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"मी मुलगी देल्ली, रामराव. मुलगी देनारा आंधीच खाली बसते. आता जमिनीत गाडून घेऊ का?"

"पाटील, अन्नपूर्णाबाईचं वावर..."

"लेकीच्या घरचं पानी पेत नाई मी, आन् अक्कल पेऊ?" ते म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. शालूला चार वर्षं पाहिलं नव्हतं या माणसानं. तिच्या आठवणीनं त्यांची बायको अन्नाला शिवत नाही अशी गावात बोलवा होती. पण सुपारी मात्र बारीक कातरलेली लागायची.

मला दोघांचाही असा तिटकारा आला की काय सांगू. दोन म्हातारे, दोन डोकी, आणि त्या डोक्यांत काय आहे यापेक्षा त्यांवर काय आहे याची काळजी. मी ठरवलं, यांना यांच्याच खेळात गुंडाळायचं. चिखलीच्या बाजारी गेलो आणि पदरच्या पैशानं जरीकाठी फेटा आणला. दुकानदारानं विचारलं, कुणाचं लग्न? म्हटलं, दोन सोसायट्यांचं. तो हसला नाही. त्यालाही सोयरे असतील.

मृगाच्या आधी एका सकाळी मी फेटा घेऊन कोलखेडला गेलो. रंगरावांना म्हटलं, "भगवंतरावांनी धाडला. सोता येनार होते, गुडघा धरला." साफ खोटं. रंगरावांनी फेटा उलटा करून जर पाहिली, नखानं खरवडून पाहिली, मग आरसा मागवला. मी माझ्या हातानं तो त्यांच्या डोक्याला बांधला. माणूस क्षणात दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला, इतकं त्यांना बरं वाटलं. मला आतून हसू येत होतं. वाटलं, बघा, पुस्तकं शिकलेले अधिकारी हरले आणि रामराव जिंकला.

"शालू बरी हाय ना?" मी विचारलं.

"बरी हाय. चहा ठेव वं!" त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली. दार अर्धं लोटलेलं होतं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर येत नाही, परक्या माणसासमोर तर नाहीच, आणि दोघांच्या बोलण्यात तोंड घालणं तर सोडूनच द्या. दाराआड पदराची सावली हलली, एवढंच मी पाहिलं.

"आता सांगा," मी म्हटलं. खिशातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली.

रंगरावांनी फेट्याला हात लावून पाहिला. जरा वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन्ही एका दिवशी पेरू नका. आठ दिवसाचं अंतर ठेवा. नर आंधी."

आत भांडं आदळलं. पितळी असावं, आवाज घुमला.

"मांजर असन," रंगराव म्हणाले. "लिहा. नर आंधी पेरा, मादी आठ दिवसानं."

पुन्हा आदळलं, पहिल्यापेक्षा जोरात. मी दाराकडे पाहिलं. मनात आलं, सासू-सुनेचं बिनसलेलं दिसतं, चार वर्षांत स्वभाव बिघडला पोरीचा. वहीत लिहिलं. खातरी म्हणून विचारलं, "नर आंधी, नक्की ना?"

"हाव ना! घरात बी मानूस आंधी जेवते, बाई मांगून. निसर्गच हाय तो."

तिसऱ्यांदा भांडं आदळलं आणि गडगडत उंबऱ्यापर्यंत आलं. "काय फोडून राह्यली वं?" रंगराव ओरडले. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून चहाच्या दोन कपबश्या बाहेर सरकल्या. बांगड्यांचा हात दिसला, लगेच मागे गेला. मी चहा पिऊन उठलो. चहात साखर नव्हती. तेही मी पोरीच्या वेंधळेपणात धरलं.

अन्नपूर्णाबाईंना मी वहीतलं वाचून दाखवलं तेव्हा त्या नर-मादीच्या थैल्या वेगवेगळ्या बांधत होत्या. त्यांनी गाठ सोडली.

"भाऊ, मले तं असं वाटे का मांगच्या साली नराचाच फुलोरा आंधी वाळला. मादी तवा पोटरीतच होती, कनीस भाईर नव्हतं. मंग नर आणखी आंधी पेरून कसं जमन?"

"वाटण्याचं काय बाई," मी म्हटलं. "ज्यायनं पीक काढलं त्यायच्या तोंडचं हाय हे. चेअरमननं सोता सांगतलं. लय मुश्किलीनं आनलं मी."

"मंग असन," त्या म्हणाल्या. "तुमी शिकले-सवरले."

नर पेरला. आठ दिवसांनी मादी पेरली. पाऊस वेळेवर झाला, तण काढलं, शेषराव रोज धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उभे राहत आणि पीक पाहून जात. श्रावण सरता सरता नराची कणसं बाहेर पडली, पिवळा पराग उडाला, वाऱ्यावर नाल्याकडे गेला, मादीची कणसं अजून पानांच्या पोटात होती. ती बाहेर आली तोवर नर सुकून तपकिरी झाला होता. मी रोज जाऊन पाहत होतो आणि रोज बाईंना सांगत होतो, थांबा, भरेल. गणपती बसले, उठले. काही भरलं नाही. मागच्या वर्षी निदान एखाद्या कणसात चार दाणे होते.

फेट्यानं मात्र आपलं काम चोख केलं. रंगरावांनी कोलखेडभर सांगितलं की व्याह्यानं शेवटी मान राखला. म्हणून दिवाळीला शालूला माहेरी पाठवलं, चार वर्षांनी. इकडे भगवंतरावांनी शिरसवाडीभर सांगितलं की व्याही शेवटी नमला, न मागता लेक पाठवली. दोन्ही गावांत दोघेही जिंकले. मी कुणालाच काही बोललो नाही. सोसायटीच्या वार्षिक अहवालात लिहिलं: 'शेजारील संस्थेशी संबंध सलोख्याचे झाले आहेत.' तेवढं एक वाक्य त्या अहवालात खरं होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या वावरात होतो. शेषराव दुपारी औत घेऊन येणार होते, आणि प्लॉटची सोसायटीची पाटी मला त्याआधी काढून न्यायची होती. बाई धुऱ्यावर बसून एक कणीस तळहातावर चोळत होत्या, फुंकर मारत होत्या, पुन्हा दुसरं घेत होत्या. तेवढ्यात नाल्याच्या वाटेनं शालू आली. लग्नात पाहिली ती गुबगुबीत पोर होती. आता गालाची हाडं वर आली होती. ती बाईंच्या पाया पडली, मग वावराकडे पाहत उभी राहिली. तिनं नराची एक ओळ पाहिली, मादीची एक पाहिली. एक नराचं वाळलेलं ताट मोडून हातात घेतलं.

"नर आंधी पेरला का जी तुमी?" तिनं विचारलं.

"तुह्या सासऱ्यानंच सांगतलं," मी म्हटलं.

"मामाजी तं पेरनीले घरीच नव्हते. शेगावले गेल्ते दर्शनाले. त्यायले काय मालूम?" तिनं ते ताट खाली टाकलं. "पयल्या साली सारं संगच पेरलं, बुडालं. दुसऱ्या साली नराची थैली मलकापुरातच राह्यली. मादी पेरून झाली, थैली आठ दिवसानं आली. म्हून नर मांगून पेरला. बी सोडाचा सरता मीच धरला होता तिफनीमांगं. आपोआप जमलं ते. मामाजीनं कधी इचारलंच नाई का कसं जमलं. चौकट तेवढी भिताडाले लावली."

तोंडात आलं ते बोललो. "मंग सांगाचं ना तू, पोरी! मी तिथंच तं बसलो होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं.

"कशी सांगू काका? सासऱ्याच्या तोंडावर, पाव्हण्यासमोर? त्यायले खोटं पाडू? तीनदा तो पितळी गंज आदळला मी. बोटाचं नख निंघालं तिसऱ्या वक्ती. तुमी दाराकडं पाह्यलं, म्हून मले वाटलं तुमच्या ध्यानात आलं. चहात साखर बी नाई टाकली, का काकाले इचित्र वाटन, मंग काई इचारतीन. तुमी तं गपचिप पेले."

आजवर मी या दोन गावांना नावं ठेवत आलो. भगवंतराव मूर्ख, रंगराव मूर्ख, सरकार मूर्ख, सतरंजीवरचे सतराही मूर्ख. ते आहेतच मूर्ख, त्यात मी बदल करत नाही. पण त्या घरात शहाणं माणूस एकच होतं आणि ते मला सांगत होतं, आणि मी वहीत डोकं घालून बसलो होतो, कारण माझ्या हिशेबानं ज्ञान फेट्याखाली असतं. दुसरं शहाणं माणूस थैलीची गाठ सोडत माझ्यासमोर बसलं होतं, त्याला मी गप्प केलं. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की तिथून पळून जावंसं वाटलं. पण पाटी काढायची होती.

अन्नपूर्णाबाईंनी पदरावरचा भुसा झटकला, शालूला हाताला धरून धुऱ्यावर शेजारी बसवलं, आणि विचारलं, "मंजे कोन आंधी म्हनली तू?"

"मादी आंधी. आठ दिवसानं नर."

"मादी आंधी," बाई म्हणाल्या. "आठ दिवसानं नर." त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं, बोटांवर आठ दिवस मोजले, आणि मान हलवली, पक्कं लक्षात ठेवल्यासारखी. दीड कोसाचं ते वाक्य दोन बायांनी एका धुऱ्यावर बसून, फेटा न बांधता, देऊन-घेऊन टाकलं.

मी पाटी उपटून खांद्यावर घेतली. नाल्याकडून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. शेषराव दुपारची वाट न पाहताच औत घेऊन निघाले होते.